उबुंटू-मिंटवर पॅकेज बसवताना पुन्हा पुन्हा येणारी तीच एरर: मूळ कुठे शोधायचं

तक्रार ठरलेली असते. काहीतरी बसवायला गेलं की ॲप्ट अडून बसतं, नेटवरून एक ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली की गाडी चालू होते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की माणूस वैतागून पेन ड्राइव्ह शोधतो आणि सगळं फॉरमॅट मारतो. काही महिन्यांनी एरर पुन्हा हजर, कारण ती जिथून येत होती ते कारण नव्या इन्स्टॉलमध्येही जसंच्या तसं असतं.

हे लिखाण उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन वापरणाऱ्यांसाठी आहे. तिन्हीकडे खालचं यंत्र एकच: डीपीकेजी पॅकेज उघडून फाइली जागेवर ठेवतो, आणि त्याच्यावर बसलेलं ॲप्ट कोणाला कोण लागतं ते ठरवून पॅकेजं उतरवून आणतं. कमांड आणि एरर मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. बहुतेक अक्षरं लहान लिपीतली असतात.

शेवटची ओळ सोडा, वर जा

समजा तुम्ही इंकस्केप बसवताय:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल इंकस्केप

आणि पडद्यावर शेवटी हे येतं:

ई: सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)

लोक हीच ओळ शोधतात, हिचाच फोटो काढून पाठवतात. या ओळीतून काहीही कळत नाही. ती एवढंच सांगते की डीपीकेजी कुठेतरी थांबला. त्याच पडद्यावर वर सरकलात तर असं काहीतरी दिसेल:

अपडेट-इनिटरामएफएस: जनरेटिंग /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-६०-जेनेरिक
नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस
डीपीकेजी: एरर प्रोसेसिंग पॅकेज इनिटरामएफएस-टूल्स

इंकस्केपचा यात काडीचाही संबंध नाही. ते व्यवस्थित बसलेलंही असेल, मेन्यूत जाऊन बघा. अडलंय ते इनिटरामएफएस-टूल्स (मशीन सुरू होताना लागणारी इनिटआरडी फाइल तयार करणारं पॅकेज), आणि तेही /बूटमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, जागा नाही म्हणून. मागच्या अपडेटच्या वेळी ते अर्धवट राहिलं. ॲप्ट दर वेळी नवं काम हातात घेताना आधीचं अर्धवट काम पूर्ण करायला जातं, म्हणून आता तुम्ही काहीही बसवा, एरर तीच येणार. इंकस्केप काढून पुन्हा बसवणं, दुसरी आवृत्ती आणणं, सॉफ्टवेअर सेंटरमधून प्रयत्न करणं, हे सगळे उपाय चुकीच्या दारावर टकटक करतात.

टर्मिनल बंद केलं असेल तरी हरकत नाही. /वार/लॉग/ॲप्ट/ या फोल्डरमध्ये टर्म.लॉग नावाची फाइल असते, तिच्यात पडद्यावर आलेलं सगळं तारीखवार पडून असतं. शेजारच्या हिस्टरी.लॉगमध्ये कोणती कमांड कधी चालली आणि कोणती पॅकेजं आली-गेली याची नोंद असते. टर्म.लॉगमध्ये 'एरर प्रोसेसिंग पॅकेज' हे शब्द शोधा आणि पहिल्यांदा जिथे सापडतील तिथल्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. नव्वद टक्के निदान तिथेच होतं, असं मी अनुभवाने म्हणतो, मोजून नाही.

अर्धवट पॅकेजांची यादी हवी असेल तर:

डीपीकेजी --ऑडिट

काही छापलं नाही तर सगळं ठीक. डीपीकेजी -एल या लांबलचक यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. 'आयआय' म्हणजे नीट बसलेलं. 'आरसी' म्हणजे पॅकेज काढलंय, सेटिंगच्या फाइली मागे राहिल्यात. त्याची काळजी नको. पहिलं 'आय' आणि दुसरं मोठं 'यू' किंवा मोठं 'एफ' दिसलं तर ते पॅकेज अधांतरी आहे: उघडलंय पण मांडलेलं नाही, किंवा मांडताना फसलंय.

/बूट भरणं: दर महिन्याला परत येणारा पाहुणा

वरच्या उदाहरणातला दोष मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो, म्हणून यावर जरा थांबतो.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला की इन्स्टॉलर /बूटसाठी वेगळं पार्टिशन करतो. काही वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये हे पार्टिशन पाचशे ते सातशे एमबीच्या आसपास असायचं. त्या काळी ते पुरेसं वाटत होतं. आता प्रत्येक कर्नलसोबत (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) तयार होणारी इनिटआरडी फाइलच शंभर एमबीच्या आगेमागे जाते, वर कर्नल स्वतः वेगळा. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर त्यात शिरले की आणखी फुगते. कर्नलची अपडेट महिन्याला एखाद-दुसरी येतेच, आणि नवा कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतो. जुना मुद्दाम ठेवलेला असतो, नव्याने मशीन उठलं नाही तर परत जाता यावं म्हणून. तीन-चार कर्नल झाले की पार्टिशन काठोकाठ.

आधी खात्री करा:

डीएफ -एच /बूट

वापर शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर हाच रोग. मग सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते बघा:

यूनेम -आर

जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. आता साधा उपाय:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

हे चालू कर्नल आणि सगळ्यात नवे सोडून बाकीचे काढतं. चाललं तर उत्तम. पण बऱ्याचदा इथेच कोंडी होते: ऑटोरिमूव्ह म्हणतं आधी तुटलेलं जोडा, जोडायला गेलं तर जागा नाही. मग हाताने थोडी जागा करून द्यावी लागते. /बूटमधली सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल, फक्त तेवढी एकच, काढून टाका. नाव टाकताना यूनेमने दिलेल्या आकड्याशी दोनदा ताडून बघा. ही फाइल मूळ पॅकेजमधून आलेली नसते, तुमच्याच मशीनवर तयार झालेली असते, लागली तर पुन्हा करता येते. म्हणून तिचा बळी सगळ्यात स्वस्त. कर्नलची स्वतःची व्हीएमलिनुझ फाइल अशी हाताने उडवू नका. ती पॅकेजची आहे, ती पॅकेजबरोबरच जाऊ द्या.

नंतर या क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

पहिली ओळ अर्धवट पॅकेजं मांडून पूर्ण करते, दुसरी राहिलेल्या अवलंबित्वांचा हिशेब लावते, तिसरी जुने कर्नल घरी पाठवते. रीस्टार्ट करण्याआधी डीपीकेजी --ऑडिट पुन्हा चालवा. नव्या कर्नलची इनिटआरडी अर्धी तयार झालेल्या अवस्थेत मशीन बंद केलं तर पुढच्या वेळी काळा पडदा दिसण्याची दाट शक्यता. तसं झालंच तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना काय उठवायचं ते विचारणाऱ्या, मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडून आत या.

इथपर्यंत सगळे येतात. पुन्हा का होतं ते इथून पुढे आहे. ऑटोरिमूव्ह फक्त ज्या पॅकेजांवर 'आपोआप आलेलं' अशी खूण आहे त्यांनाच काढतं. कधीतरी तुम्ही एखादा कर्नल नाव टाकून स्वतः बसवला असेल, तर त्याच्यावर 'माणसाने मागितलेलं' अशी खूण लागते आणि तो जन्मभर तिथेच बसतो. बघायचं असं:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल

या यादीत लिनक्स-इमेज आणि पुढे आवृत्तीचा आकडा असलेली नावं दिसली तर त्यांना सुडो ॲप्ट-मार्क ऑटो लावून टाका. फक्त लिनक्स-इमेज-जेनेरिक, लिनक्स-जेनेरिक अशी आकडा नसलेली नावं तशीच राहू द्या. नवे कर्नल त्यांच्याचमुळे येतात. मिंटवाल्यांना अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटोमेशन' या टॅबखाली जुने कर्नल आपोआप काढण्याचा खटका आहे. तो चालू करा.

पार्टिशन फारच चिंचोळं असेल तर /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/ इथल्या इनिटरामएफएस.कॉन्फ फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' ऐवजी 'मॉड्यूल्स=डेप' करता येतं. मग इनिटआरडीत फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर जातात आणि आकार बराच उतरतो. किंमत अशी की उद्या ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तो उठेलच असं नाही. घरच्या एका जागी असणाऱ्या डेस्कटॉपला मला हा सौदा मान्य आहे.

लॉक फाइल उडवायचा सल्ला

दुसरी नेहमीची तक्रार: 'कुड नॉट गेट लॉक /वार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड'. यावर नेटवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ती फाइल आरएमने उडवा. हा सल्ला मला अजिबात पटत नाही आणि कारण साधं आहे. ती फाइल तिथे कायमच असते, सगळं नीट चालू असतानाही. कुलूप फाइल असण्यात नाही. चालू असलेला एखादा प्रोग्रॅम कर्नलकडून त्या फाइलवर हक्क मागून घेतो, त्यात आहे. प्रोग्रॅम संपला की हक्क आपोआप सुटतो, मशीन रीस्टार्ट केलं तरी सुटतो. फाइल उडवलीत तर आधीचा प्रोग्रॅम जुन्या फाइलवर आणि तुमचा नव्या फाइलवर, असे दोघे एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागतात. त्यातून होणारा घोळ निस्तरणं मूळ त्रासापेक्षा कितीतरी वाईट.

बरं, हक्क घेऊन कोण बसलंय? नव्या आवृत्त्यांमध्ये एररच्या ओळीतच प्रोसेसचा आकडा आणि नाव येतं. बहुतेक वेळा नाव असतं 'अनअटेंडेड-अपग्र', म्हणजे सुरक्षेच्या अपडेट स्वतःहून बसवणारा अनअटेंडेड-अपग्रेड्स. हा पहाटे सहाच्या सुमाराला चालावा अशी योजना असते. घरचा डेस्कटॉप पहाटे सहाला कोण चालू ठेवतो? पण चुकलेली वेळ भरून काढण्याची सूचना त्याला दिलेली असते, त्यामुळे तुम्ही साडेनऊला मशीन चालू केलं की तो कामाला लागतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला काहीतरी बसवायचं असतं. 'रोज सकाळी एरर, दुपारी गायब' या कोड्याचं उत्तर एवढंच. चहा करून या. मोठी अपडेट आणि हळू डिस्क असेल तर वीस मिनिटंही लागतात.

अर्ध्या-पाऊण तासानंतरही तोच आकडा असेल तर पीएस -एफपी आणि तो आकडा टाकून बघा. कधीकधी मागे झाकलेल्या एखाद्या खिडकीत 'ही सेटिंगची फाइल बदलू का ठेवू' असा प्रश्न विचारून बिचारं पॅकेज उत्तराची वाट बघत असतं. ते नसेल तर मशीन नीट शटडाउन करून चालू करा आणि डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा.

वीज गेली आणि मधेच तुटलं

यूपीएस नसलेल्या घरात हे होणारच. सहसा 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा निरोप येतो आणि काय चालवायचं ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ते चालवा, बहुतेकदा काम होतं. डीपीकेजी लिहिलेलं डिस्कवर खरोखर उतरलं का याची खातरजमा करत पुढे जातो, तो संथ वाटतो त्याचं एक कारण हेच.

क्वचित एखाद्या पॅकेजची 'फाइल्स लिस्ट'ची शेवटची ओळ अपुरी आहे असं म्हणून तो पूर्ण थांबतो. तेव्हा /वार/लिब/डीपीकेजी/इन्फो/ मधली त्या पॅकेजच्या नावाची .लिस्ट फाइल बाजूला हलवा आणि ते पॅकेज ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉलने पुन्हा बसवा. मुख्य नोंदवही, म्हणजे /वार/लिब/डीपीकेजी/स्टेटस, हीच बिघडली असेल तर शेजारी स्टेटस-ओल्ड असते आणि /वार/बॅकअप्स/ मध्ये मागच्या काही दिवसांच्या प्रती असतात. आपल्या नशिबाने हे कोणीतरी आधीच करून ठेवलंय.

'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस'

हा निरोप वाचून लोक ॲप्ट-मार्क शोहोल्ड चालवतात, यादी रिकामी निघते आणि गोंधळ वाढतो. तुम्ही काही धरून ठेवलेलं असायलाच हवं असं नाही. 'मागितलेल्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत' इतकाच त्याचा अर्थ. वर 'डिपेंड्स… बट… इज टू बी इन्स्टॉल्ड' अशी ओळ असते, तिच्यातलं सगळ्यात शेवटचं नाव घ्या आणि विचारा:

ॲप्ट-कॅश पॉलिसी आणि पुढे ते नाव

बसलेली आवृत्ती कोणती, मिळू शकणारी कोणती आणि प्रत्येक आवृत्ती कुठल्या पत्त्यावरून येते, हे सगळं समोर येतं. बसलेल्या आवृत्तीला उबुंटूचा पत्ताच नसेल, तर ती कुठल्यातरी पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या कोणीतरी चालवलेला पॅकेजांचा साठा) किंवा हाताने उतरवलेल्या .डेब फाइलमधून आलीय. गुन्हेगार सापडला. पीपीए असेल तर पीपीए-पर्ज नावाचं पॅकेज बसवून त्याला तो पीपीए सांगा. तो नुसता पत्ता काढत नाही, तिथून आलेली पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतो. नुसता पत्ता खोडला तर नव्या लायब्ररी मागे अडकून राहतात आणि पुढच्या वेळी तोच निरोप.

एका प्रिंटर कंपनीची .डेब फाइल माझ्याकडे बराच काळ असा त्रास देत होती: तिला लागणारी ३२ बिटची लायब्ररी उबुंटूने काढून टाकली होती, आणि कंपनीने फाइल बदलली नव्हती. दर अपग्रेडला ॲप्ट तिथेच अडायचं. शेवटी ते पॅकेज काढलं आणि प्रिंटर सिस्टीममधल्याच ड्रायव्हरलेस छपाईवर लावला. छान चालतो.

मिंटवर एक खास खड्डा आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलच्या सूचनांमध्ये 'एलएसबी_रिलीज -सीएस' असतं, म्हणजे तुमच्या आवृत्तीचं टोपणनाव आपोआप घे. मिंट २२ वर ते 'विल्मा' येतं. त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर मात्र उबुंटू २४.०४ चं 'नोबल' असतं, विल्मा कोणाच्या गावीही नसते. मग प्रत्येक अपडेटला 'डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल' ही एरर. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/ मधली ती फाइल उघडून विल्माच्या जागी नोबल लिहा. मिंट २१ असेल तर जॅमी. शंका असेल तर /ईटीसी/ओएस-रिलीज फाइलमध्ये उबुंटूचं टोपणनाव वेगळ्या ओळीत दिलेलं असतं.

सगळ्याच पत्त्यांवर ४०४ (फाइल सापडत नाही) येत असेल तर आवृत्तीची मुदत संपली असेल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचा आधार मिळतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मुदतीनंतर काही काळाने त्यांची पॅकेजं जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. इथे दुरुस्ती म्हणजे अपग्रेडच. म्हणूनच घरी, दुकानात, शाळेत जिथे रोज कोणी लक्ष देणार नाही तिथे मी मधली आवृत्ती कधीच टाकत नाही.

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' आलं तर ॲप्टला सोडा आणि घड्याळ बघा. जुन्या मदरबोर्डवरचा बटन सेल संपला की मशीन प्रत्येक वेळी मागच्या तारखेला उठतं. टाइमडेटसीटीएल चालवा, तारीख चुकली असेल तर सेल बदला. किरकोळ खर्चात काम होतं.

आणि 'केप्ट बॅक' किंवा 'डिफर्ड ड्यू टू फेजिंग' ही एरर नाहीच. बहुतेकदा कारण असं: उबुंटू काही अपडेट आधी थोड्या मशीनना देतं, तिथे काही बिघडलं नाही तर बाकीच्यांना. तुमचा नंबर आला की ती येईल. तिला जबरदस्तीने ओढू नका.

काढायची यादी वाचा

ॲप्ट 'वाय/एन' विचारण्याआधी 'विल बी रिमूव्ह्ड' अशी यादी देतं. २०२१ मध्ये पॉप ओएसवर (उबुंटूवरच बेतलेली सिस्टीम) स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका नामांकित यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉपच उडाला होता. स्टीमच्या पॅकेजमधल्या अवलंबित्वाच्या गडबडीमुळे ॲप्टने डेस्कटॉपची पॅकेजं काढायची यादी दाखवली, धोक्याची सूचना दिली, आणि 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाइप करून घेतलं. त्याने ते केलं. त्या प्रकारानंतर ॲप्टमध्येच बदल झाला आणि अशी अत्यावश्यक पॅकेजं काढणं आणखी अवघड करण्यात आलं. तरी डेस्कटॉप, एक्सऑर्ग किंवा पायथन३ ही नावं काढायच्या यादीत दिसली तर एन दाबा. कमांडला -एस जोडलं तर ॲप्ट फक्त काय करणार ते सांगतं, करत काही नाही.

पायथनवरून आठवलं: ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी चालवल्यावर 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' येत असेल, तर कोणीतरी /यूएसआर/बिन/पायथन३ दुसऱ्या आवृत्तीकडे वळवलंय. ते मूळ आवृत्तीवर परत करा. नवं पायथन हवं असेल तर ते वेगळ्या नावाने किंवा व्हेन्वमध्ये (पायथनसाठी केलेला वेगळा कप्पा) वापरा. सिस्टीमचं पायथन हे सिस्टीमचं आहे.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना चार गोष्टी मजकूर म्हणून द्या, फोटो नको: टर्म.लॉगमधला पहिल्या 'एरर प्रोसेसिंग'च्या आजूबाजूचा भाग, डीएफ -एच, ॲप्ट-कॅश पॉलिसी नाव न देता, आणि /ईटीसी/ओएस-रिलीज. सोबत सुडो डीमेसेज (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) मध्ये 'आय/ओ एरर' दिसतंय का तेही पाहून ठेवा. ते दिसत असेल तर पॅकेजांचा नाद सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर हलवा, कारण मग बिघाड ॲप्टमध्ये नाही, हार्ड डिस्कमध्ये आहे.